चाकणच्या जैनाबीचं रक्त

काचेच्या नळीत रक्त घेऊन ते स्वस्थ ठेवून दिलं, की थोड्या वेळानं थिजतं, आक्रसतं आणि त्याच्याभोवती पिवळसर पाणी सुटतं. दह्यावर निवळ यावी तसं. त्या पाण्याला आम्ही सीरम म्हणतो. माझी सगळी नोकरी त्या पाण्याकडे बघण्यात गेली. अजून कुणी विचारलं, "बाई, तुम्ही काय करत होतात?" तर मी म्हणते, "पाणी बघत होते." लोक हसतात, पण त्यात खोटं काही नाही.

पन्नासच्या दशकाची अखेरची वर्षं होती. चिंचवडला स्टेशनच्या अलीकडे डॉक्टर सबनीसांचा दवाखाना होता आणि मागच्या दोन खोल्यांत त्यांची लॅब. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच उभा राहिला होता, त्याच्या पलीकडे निर्वासितांची वस्ती होती, आणि उरलेलं सगळं ज्वारी-बाजरीचं रान. थंडीत पवनेवरून धुकं उठायचं आणि उघड्या खिडकीतून सरळ आत यायचं. मी नळ्या लावत असे तेव्हा माझे हात मनगटापासून पुढे दिसेनासे व्हायचे. कारखान्याचा भोंगा त्या धुक्यातून यायचा तो पाण्याखालून कुणी हाक मारल्यासारखा. कधी कधी मला वाटे, आपण जागे नाहीच, कुणाच्या तरी स्वप्नात नळ्या धुतो आहोत.

लॅबच्या मागे एक मेंढी बांधलेली असे. तिचं नाव गंगी. तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आम्हाला रोज लागत. शेजारच्या पिंजऱ्यात गिनीपिग. आमची मुख्य कमाई होती गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रोगाच्या तपासणीची, आणि तिच्यासाठी ही दोन्ही जनावरं लागतात. तळवड्याचा एक पैलवान सुई बघूनच आडवा झाला होता. त्याच वेळी मागच्या अंगणात गंगी रवंथ करत निमूट रक्त देत होती. पैलवानाचा चुलता म्हणाला, "उद्यापासनं खुराक हिला चालू करा." एकदा एका मुलीचा बाप होणाऱ्या जावयाला घेऊन आला. रोगाची तपासणी म्हणावं कसं, म्हणून त्यानं जावयाला सांगितलं होतं की ताकद मोजायची आहे. रक्त निर्दोष निघालं. निघताना जावयानं मला हळूच विचारलं, "बाई, किती भरली?" मी म्हटलं, "पुष्कळ." तो जो छाती काढून चालू लागला!

अशी माणसं पुष्कळ भेटली. पण डोळे मिटले की दिसते ती जैनाबी.

ती चाकणची मणियारीण. बांगड्या भरणं हा तिच्या माहेरचा आणि सासरचाही धंदा. वय चाळिशीच्या आसपास. नवरा मेहबूबभाई चाकणला सायकली दुरुस्त करायचा. एस.टी.नं फाट्यावर उतरून दोघं टांग्यानं आली होती. दवाखान्याच्या पायऱ्या ती चढली ती स्वतःच्या पावलांवर नजर रोवून, जणू पाय दुसऱ्या कुणाचे आहेत आणि ते कुठे नेतात यावर तिला लक्ष ठेवायचं आहे.

मेहबूबभाई उभ्या उभ्याच बोलला, "साहेब, हिला महारोग हाय का न्हाई, येवढंच सांगा. गावानं तर ठरवून टाकलंय."

झालं होतं असं. वर्षभरापूर्वी तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग बोटं बधिर झाली. बांगडी भरणं हे डोळ्यांचं काम नाही. समोरच्या बाईचा तळवा दाबून, हाडं एकमेकांवर सरकवून, काच कुठे अडते ते बोटांनी ओळखायचं असतं. जैनाबीच्या हातून काच तडकायला लागली. बायकांच्या हातांना ओरखडे यायला लागले. कुणा कंपाउंडरनं तिच्या बोटात टाचणी टोचून पाहिली, तिला कळलं नाही, आणि तो सगळ्यांसमोर तो शब्द बोलून मोकळा झाला. त्या दिवसापासून तिच्या कट्ट्यावर कुणी बसेना. महाळुंग्याला ती लग्नाचा चुडा भरायला गेली, तर नवरीच्या आईनं तिला अंगणातूनच परत पाठवली.

डॉक्टरांनी तिला टेबलावर बसवलं. "डोळे मिटा बाई." तिच्या पायाचा अंगठा धरून त्यांनी वर केला. "वर आहे की खाली?"

जैनाबीनं मिटल्या डोळ्यांनीच मान खाली वळवली. मग म्हणाली, "धरलाय का तुमी?"

डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे करायला सांगितले, डोळे मिटलेलेच. तेव्हा जे पाहिलं ते मी विसरले नाही. तिची बोटं आपोआप हलायला लागली. एक वर उठलं, एक खाली वाकलं, करंगळी बाजूला गेली, मनगट हळूच वळलं. नदीच्या संथ पाण्यात शेवाळ हलावं तशी. ती स्वतः निश्चल होती, चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि हात कुठल्या तरी न ऐकू येणाऱ्या सुरावर चालले होते. "हात स्थिर आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं. "व्हय," ती म्हणाली, "अगदी थिर हायेत."

मेहबूबभाईनं तोंड फिरवलं.

ताकद मात्र जशीच्या तशी होती. डॉक्टरांचं मनगट तिनं धरलं तेव्हा त्यांना सोडवून घ्यावं लागलं. महारोगात होतात तशा नसा जाड नव्हत्या, अंगावर चट्टा नव्हता. कानाच्या पाळीतून घेतलेला नमुना मी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा पाहिला. महारोगाचा जंतू नव्हता. गरमीच्या रोगातही माणूस असा पायाकडे बघत चालतो, म्हणून तीही तपासणी केली, न सांगता. तीही निर्दोष. रक्त कमी असेल म्हणून इंजेक्शनं देऊन झाली. उपयोग शून्य.

"महारोग नाही," डॉक्टरांनी सांगितलं.

"मग काय हाय?"

"ते मला माहीत नाही."

हे वाक्य बोलणारे डॉक्टर मी थोडे पाहिले. जैनाबीला मात्र त्याचा राग आला नाही. ती म्हणाली, "मग आमच्या गावात येऊन येवढं तरी सांगा, की तुमाला म्हाईत न्हाई. त्या लोकांना लई म्हाईत हाय."

डॉक्टर खरंच गेले. बाजाराच्या दिवशी, आणि मलाही बरोबर घेतलं. चाकणचा तो बाजार म्हणजे कांद्या-बटाट्याच्या राशी, बैलगाड्या, धूळ आणि उन्हात तरंगणारी कांद्याची पातळ सालं. डॉक्टर जैनाबीच्या कट्ट्यावर बसले, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि मोठ्यानं म्हणाले, "हा महारोग नाही. मी तपासलंय. हा लागत नाही." माणसं गोळा झाली. एक म्हातारी म्हणाली, "डाक्टर, तुमी टोचून घेतलं आसंल आधी." लोक हसले. अर्ध्या लोकांना पटलं, अर्ध्यांना नाही.

मला वाटलं, आपण पुढे व्हावं. मी हात पुढे केला. "जैनाबी, मला हिरव्या भरा."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, किती तरी वेळ पाहिलं, आणि तो अलगद मागे सारला. "न्हाई बाई. लोकांचं न्हाई मी म्हणत. मोडंल. तुमाला लागंल, आन मला कळायचं न्हाई."

तेव्हा मला उमगलं की गावानं वाळीत टाकणं हे तिच्या दुःखाचं वरचं साल होतं.

दुपारी तिनं जेवायला ठेवून घेतलं. घर कट्ट्याच्या मागेच. तिची विधवा नणंद शरीफा भाकऱ्या थापत होती आणि जैनाबी कांदा चिरत होती, सुरीच्या पात्यावरून नजर न हलवता, कारण नजर हलली तर बोट कुठे आहे ते तिला कळत नव्हतं. नवा कांदा होता, झणझणीत. माझ्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टर चष्मा काढून पुसत होते. जैनाबीचे डोळे कोरडे.

मी म्हटलं, "सवय झाली म्हणायची तुम्हाला."

शरीफा चुलीपासून म्हणाली, "सवय कसली! आदी आमच्यापरीस जास्त रडायची."

"आता न्हाई येत पाणी," जैनाबी म्हणाली. "कांद्यानं न्हाई, कशानंच न्हाई. सासू गेली तवा सगळी रडली, माझ्या डोळ्याला टिपूस न्हाई. माझी लई माया होती तिच्यावर. लोक म्हणाले, दगड हाय बाई. डोळ्यात नुसती वाळू पडल्यावानी व्हतं."

डॉक्टरांनी चष्मा खाली ठेवला. "आणि तोंड? तोंडाला कोरड पडते?"

"पाण्याबिगर घास उतरत न्हाई, साहेब. पर त्याचं काय? दुखणं तर हाताचं हाय."

परतीच्या एस.टी.त डॉक्टर बोटांवर काही तरी मोजत होते. खिडकीबाहेर भामचंद्राचा डोंगर उन्हात विरघळल्यासारखा दिसत होता. बऱ्याच वेळानं ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "कुसुमबाई, अश्रूंच्या गाठी सुकल्यात, लाळेच्या सुकल्यात, आणि स्पर्श गेलाय. तीन वेगळे चोर एकाच घरात कसे शिरतील? एकच असणार. आणि तो बाहेरचा नसेल तर?"

हे जरा उलगडून सांगायला हवं. आपल्या रक्तात बाहेरच्या रोगजंतूंशी लढणारी शिबंदी असते. एकदा देवी आलेल्या माणसाला पुन्हा येत नाहीत, त्या शिबंदीच्या जोरावर. ही शिबंदी घरच्यावर शस्त्र उगारत नाही, असं आम्ही शिकलो होतो. पण त्या वर्षांत परदेशी वैद्यकीय मासिकांमधून वेगळी कुजबूज सुरू झाली होती, की क्वचित उगारते. सबनीस डॉक्टर ती मासिकं वर्गणी भरून मागवत आणि आगबोटीनं महिन्यांनी शिळी होऊन येत तरी ताज्या वर्तमानपत्रासारखी वाचत. त्यांचा कयास असा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांच्या फटींत, धान्याच्या दाण्याएवढ्या गाठी असतात. हात कुठे आहे, पाय कुठे आहे, ही वर्दी आणणाऱ्या नसांच्या पेशी त्या गाठींत राहतात. हुकूम नेणाऱ्या नसांच्या पेशी तिथे नसतात. जैनाबीच्या रक्तानं या दाण्यांवरच हल्ला केला असेल, तर ताकद शाबूत आणि जाणीव नाहीशी, हे कोडं सुटत होतं.

सिद्ध कसं करायचं? हत्यार आमच्याकडे एकच होतं, रोजचं, गरमीच्या तपासणीचं. डॉक्टरांनी तेच वळवून घ्यायचं ठरवलं.

गिनीपिगच्या सीरममध्ये एक द्रव्य असतं, त्याला दारूगोळा म्हणू. रक्तातली कुठलीही लढाई त्याच्याशिवाय पुरी होत नाही. नळीत रोग्याचं सीरम घालायचं, ज्याच्यावर संशय आहे त्या गाठींचा अर्क घालायचा आणि मोजका दारूगोळा. नळी कोमट पाण्यात ठेवायची. दोघांचं वैर असेल तर ती लढतात आणि दारूगोळा संपतो. वैर नसेल तर तो तसाच शिल्लक राहतो. मग त्यात गंगीच्या तांबड्या पेशी सोडायच्या, त्यांना फोडणाऱ्या सीरमसकट. दारूगोळा शिल्लक असेल तर पेशी फुटतात आणि सारी नळी डाळिंबाच्या रसासारखी लाल, आरपार होते. संपला असेल तर पेशी तशाच राहतात, सावकाश खाली बसतात आणि तळाशी एक तांबडा ठिपका उरतो. वर स्वच्छ पाणी.

माणसाच्या गाठी मिळणार कुठून? बकऱ्याच्या घेतल्या. चिंचवडच्या हुसेनभाई खाटकाला डॉक्टर म्हणाले, मला मांस नको, मणक्याच्या फटीतले दाणे पाहिजेत. हुसेनभाईनं आमच्याकडे दयेनं पाहिलं. "डॉक्टरसाब, धंदा बसलाय का? सांगा, आपण माणसं हाय." पण कणा तो जपून फोडून द्यायचा. मग मी चिमट्यानं ते दाणे काढत बसायची. सकाळच्या उजेडात ते मोत्यासारखे दिसत. बोटांवर घेतले की मनात येई, या एवढ्याशा दाण्यात स्पर्श राहतो. आईचा हात, तापलेला तवा, पायाखालची वाळू, सगळं इथून जातं.

पहिल्या कितीतरी खेपांना काही जमलं नाही. अर्क कधी दाट झाला, कधी नासला. कधी सगळ्याच नळ्या लाल, कधी सगळ्यांत ठिपके. मग एका सकाळी जमलं. डॉक्टरांचं सीरम, माझं, टांगेवाल्याचं, हुसेनभाईचं, सगळ्यांच्या नळ्या डाळिंबासारख्या आरपार. जैनाबीच्या नळीत तळाशी तांबडा ठिपका.

मी डॉक्टरांना हाक मारली. ते आले आणि नळी उजेडाकडे धरून उभे राहिले. खिडकीत धुकं होतं, ते हळूहळू सोनेरी होत चाललं होतं. जगात आत्ता फक्त आपल्या दोघांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट या खोलीत आहे, असं मला वाटलं. तसं वाटणं माझ्या नोकरीत तेव्हाच आलं, पुन्हा कधी नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "आता यकृताचा अर्क करा. मूत्रपिंडाचाही."

"कशाला?" मी म्हटलं. मला कळत होतं कशाला, पण मला ते नको होतं.

"कशाला ते तुम्हाला माहीत आहे."

केले. जैनाबीच्या सीरमनं यकृताच्या नळीतही ठिपका धरला आणि मूत्रपिंडाच्याही. तिचं रक्त नुसत्या त्या दाण्यांशी भांडत नव्हतं, साऱ्या घराशी भांडत होतं. स्पर्शाच्या पेशीच का मेल्या आणि यकृत का वाचलं, याचं उत्तर आमच्या नळ्यांत नव्हतं. डॉक्टर स्टुलावर बसले. म्हणाले, "भांडण आहे, एवढं नक्की. खून त्यानंच केला, हे नाही दाखवता येत."

पुण्याला डॉक्टरांच्या एका बैठकीत त्यांनी हे मांडलं, आणि तसंच मांडलं, यकृतासकट. कुणी तरी उठून म्हणालं, "बकऱ्याच्या नसांवरून बाईचं निदान! उद्या बकऱ्यालाच पाठवा तपासायला." हशा झाला. परत आल्यावर डॉक्टरांनी मला सांगताना तो विनोद हुबेहूब करून दाखवला आणि स्वतःही हसले. पण त्यानंतर त्यांनी त्यावर काही लिहिलं नाही. मी आग्रह धरायला हवा होता असं नाही, माझं कोण ऐकणार होतं. तरी ती हळहळ आहेच. पुढे लॅब बंद झाली तेव्हा बर्फाच्या पेटीतल्या जैनाबीच्या सीरमच्या कुप्याही गेल्या. पुष्कळ वर्षांनी एका तरुण मज्जातज्ज्ञानं मला सांगितलं की असा आजार आहे, दुर्मिळ आहे, डोळ्यां-तोंडाच्या कोरडीबरोबर येतो आणि रक्ताच्या गैरसमजातूनच येतो असं आता मानतात. मी म्हटलं, आम्ही त्या दारापर्यंत गेलो होतो. कडी काही हाताला लागली नाही.

डॉक्टरांनी जैनाबीसाठी रक्तातली शिबंदी शांत करणारं कॉर्टिसोन मिळवलं. तेव्हा ते औषध नवं होतं आणि दुर्मिळ. काही महिने दिलं. तोंडाची कोरड थोडी उतरली. बधिरपणा कोपराशी आला होता तो तिथेच थांबला. औषधानं थांबला की आपला आपण, देव जाणे. गेलेली जाणीव मात्र आली नाही. मेलेली ती पेशी पुन्हा उगवत नाही.

जैनाबीनं काठी घेतली आणि धंदा सोडला नाही. ती कट्ट्यावर बसायची, समोरच्या मनगटाकडे नुसतं पाहून माप सांगायची, हाड कुठे अडेल तेही सांगायची, आणि बांगडी भरायची शरीफा. "आता डावीकडं दाब. सोड. आता सरकव." आधी शरीफाच्या हाताच्या भरवशावर बायका आल्या, मग हळूहळू जैनाबीच्या पानाच्या डब्यातलं पानही खाऊ लागल्या. महाळुंग्याच्या त्या घरानं दुसऱ्या मुलीच्या लग्नात तिला ओसरीवर बसवलं. "आंगनातनं वसरीवर आले," ती मला म्हणाली. "आजून येक लगीन झालं की माजघरात."

औषध चालू असतानाच ती एकदा तपासणीला आली होती. दुपार होती, लॅबमध्ये ऊन भरलं होतं. मी ताजी तपासणी लावून नळी बघत होते. ठिपका आधीपेक्षा लहान होता, पण होता. ती दाराशी येऊन म्हणाली, "बाई, माझं रगत दावा की. साहेब म्हणत्यात, सगळं त्यानंच केलंय. न करणी, न शाप, न कुणाची लागण. मग मला बघू द्या त्याला."

मी नळी उन्हात धरली. तिच्या हातात देता येत नव्हती. ती काठी भिंतीला टेकवून, टेबल घट्ट धरून वाकली. स्वच्छ पाण्याच्या तळाशी तो तांबडा ठिपका स्थिर बसला होता. त्या तांबड्या पेशी गंगीच्या होत्या, तिच्या नव्हेत, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"येवढंसं?" ती म्हणाली. "येवढ्याशानं माझे हात नेले?"

ती रागावेल असं मला वाटलं. ती आणखी जवळ गेली, रुसून कोपऱ्यात बसलेल्या लेकराशी बोलावं तशी.

"अरं येड्या," ती म्हणाली, "मी परकी न्हाई रं. मी तुझीच हाय."

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "त्याला आयकू जात आसंल का हो?"

मी म्हटलं, "माहीत नाही, जैनाबी. कुणालाच माहीत नाही अजून."

"मग सांगत ऱ्हाईन," ती म्हणाली, आणि पावलांकडे बघत, एकेक पायरी डोळ्यांनी चाचपत, उतरून गेली.